बांगडीचा ठोका

माझ्या चुलत काकाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या मनाच्या मोठेपणाची वाट बघत कुणी शेवटपर्यंत बसायला नको. आई म्हणते, नागिणीसारखी डूख धरून बसलीस. बसले. नागिणीला निदान कात टाकता येते, मला तेही जमलेलं नाही.

नागावला आमच्या घरामागे सुपाऱ्या वाळवायची एक खोली होती. मुंबईत मालिकांच्या डबिंगच्या स्टुडिओत काही वर्षं काढून मी परत आले, तेव्हा त्या खोलीचा स्टुडिओ केला. भिंतींवर लाकडी चौकटी ठोकल्या, त्यात नारळाचा काथ्या ठासून भरला आणि वर गोणपाट ताणलं. पावसाळ्यात त्याचा कुबट वास येतो, पण आवाज असा पिऊन टाकतो की आत शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. बाहेरचं मात्र काही हातात नाही. शेजारच्या होमस्टेचा पाण्याचा पंप, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींची घरघर, मधूनच पत्र्यावर पडणारा नारळ. दुपारी जेवून पाहुणे लवंडले की मी रेकॉर्डिंग घेते.

माझ्याकडे येणारी गाणी म्हणजे हळदीची, पालखीची, गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांची. गाणारे कसेही गायले तरी सांभाळून घेता येतं. खरं काम ढोलकीचं. तिला दोन तोंडं. उजवीकडे शाई लावलेलं, ते टणटणीत बोलतं; डावीकडचं घुमतं. दोन्हीला वेगळा माईक लावायचा आणि मग बसायचं निवडत. घुमणं जास्त झालं तर चिखलात पाय रुतल्यासारखं गाणं पुढं सरकत नाही, कमी झालं तर डबा वाजवल्यासारखं वाटतं. समुद्राच्या हवेनं कातडं सैल पडतं, म्हणून मी बाबांच्या ढोलकीजवळ कायम एक बल्ब पेटता ठेवते. ती ढोलकी भिंतीला टांगलेली असते. मी ती कुणाला वाजवायला देत नाही.

बाबा काकाच्या बेंजो पार्टीत ढोलकी वाजवायचे. बेंजोवर काका, ढोलकीवर बाबा, बाकीचे आळीतले तिघे-चौघे. आमच्याकडे लग्नात हळदीला जे वाजतं तेच लोकांच्या लक्षात राहतं. लग्नाचे मंत्र कुणाला आठवतात? मी लहानपणापासून बाबांच्या शेजारी बसून मांडीवर, पाटावर, शाळेच्या बाकावर वाजवत आले. बाबांनी मला हौसेनं शिकवलं असं कुणी समजू नये. मी सोडतच नव्हते, म्हणून शिकवलं. पुढे पुढे तेच म्हणायचे, पोरीचा हात माझ्याहून मोकळा आहे. घरात म्हणायचे, बाहेर नाही.

माझ्या दहावीच्या सुट्टीत काकानं हळदीचं एक गाणं रचलं आणि पनवेलला एका स्टुडिओत वेळ घेतली. आदल्या दिवशी जाळं सोडवताना बाबांच्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा विषारी काटा घुसला. शिंगाळ्याचा काटा काय असतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. सकाळपर्यंत हात मनगटापासून भोपळ्यासारखा सुजला. काकाचा पोरगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तोही ढोलकी वाजवायचा, पण त्याला ती लय झेपत नव्हती. शेवटी बाबा म्हणाले, हिला न्या.

तेव्हा माझ्या हातात आतेबहिणीच्या लग्नात भरलेल्या काचेच्या बांगड्या होत्या. स्टुडिओवाला म्हणाला, काढा. त्या निघेनात. फोडायच्या म्हटलं तर काका ओरडला, लग्नाच्या बांगड्या फोडतात का? म्हणून मी त्या कोपराकडे वर सरकवल्या आणि रुमालानं बांधून टाकल्या. गाणं चाललं. कडवं संपतं तिथं ढोलकी एकदम थांबते आणि एक क्षण सगळं गप्प असतं, मग पुन्हा धृपद उचलायचं. त्या गप्प क्षणात एक बांगडी सुटून खाली आली आणि ढोलकीच्या लाकडावर आपटली. टक्.

मला वाटलं, आता पुन्हा घेतील. स्टुडिओवाल्यालाही तसंच वाटलं. पण काकाला ढोलकीवाल्याच्या चुकीपेक्षा स्टुडिओचं तासाचं भाडं महत्त्वाचं होतं. असू दे, म्हणाला. आणि तोच ठोका त्या गाण्याची ओळख झाला. त्या ठिकाणी पोरं माना झटकतात, बायका चुटक्या वाजवतात. पालीपासून आगरदांड्यापर्यंत कुठल्याही मांडवात ते गाणं वाजवणारा ढोलकीवाला तिथं बोटातली अंगठी लाकडावर मारतो. अंगठीनं तसा आवाज येत नाही. काच ती काच.

गाण्याच्या व्हिडिओत काकाचा पोरगा पांढरी पँट आणि गॉगल घालून वाळूत उभा राहून ढोलकी वाजवतो. खाली नावही त्याचंच. मी काकाच्या पडवीत जाऊन विचारलं, माझं नाव का नाही? काकानं सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, मान वरसुद्धा न करता.

"बाईमाणसानं मांडवात ढोलकीला हात लावायचा न्हाय. लोक हसतील गो. पार्टीला कोण बोलवील मग?"

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी काट्याचा व्रण राहिलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि गप्प राहिले. पुढे जिवंत होते तोवर त्या विषयावर गप्पच राहिले. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण मेलेल्या माणसावर राग धरून हाताला काय लागणार? म्हणून बाबांच्या वाटणीचाही राग मी काकाच्या खात्यात टाकला.

मी आजवर एकाही मांडवात वाजवलेलं नाही. कुणी वाजवू दिलं नाही. भाऊ नाचायचे, वहिन्या नाचायच्या, आणि मी बाकावर बसून माझाच हात डीजेच्या बॉक्समधून ऐकायचे. लोक येऊन काकाच्या पोराच्या पाठीवर थाप मारायचे. "काय हात हाय रे तुझा!" तो हसायचा. पहिली काही वर्षं हसताना माझ्याकडे बघायचा, नंतर बघेनासा झाला.

गेल्या वर्षी त्याचं लग्न ठरलं आणि काका आपण होऊन माझ्या स्टुडिओत आला. सोबत पोरगा. आता काकाचे केस पिकलेत, गुडघे दुखतात, पण ताठा तसाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. खुर्चीत बसला, काथ्याच्या भिंतीवर हात फिरवला.

"पोराच्या हळदीला नवीन गाणं काढायचं हाय. ढोलकी तोच वाजवील. पण पोरी, मना त्या जुन्या गाण्यातल्यासारखी ढोलकी पायजे. तसाच तो ठोका पायजे. त्या टायमाला माझ्या पोराचा हात कसा चालायचा, आठवतं ना तुला?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, मुद्दाम डिवचतोय. पण नाही. डोळे ओले वगैरे करून तो पोराकडे बघत होता. इतकी वर्षं खोटं बोलून त्याचंच त्याला खरं वाटायला लागलंय, असं मला त्या वेळी वाटलं. चोरी केली ते एक वेळ सोडून दिलं असतं. चोरी केली हेच विसरून जायचं म्हणजे काय?

मी म्हटलं, "करूया ना काका. तशीच करूया."

रेकॉर्डिंग झालं. पोराचा हात वाईट नाही, पण तो प्रत्येक ठोक्याला केसभर मागे पडतो आणि मग गाठायला धावतो. काका चहाला घरात गेला तेव्हा त्यानं खालच्या आवाजात मला विचारलं, "तो ठोका तू कसा काढलेलास गो?"

म्हणजे ह्याला आठवत होतं. मी म्हटलं, "अंगठीनं. जाड अंगठी घाल." तो बिचारा अंगठी घालून लाकूड ठोकत बसला. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही, कारण आली नाही.

आता मी काय केलं ते सांगते. गाणं स्टुडिओत दोन स्पीकरवर ऐकतात, एक डावा, एक उजवा. मी पोराची ढोलकी आधी नीट केली. खरंच नीट केली; मागे पडलेले ठोके ओढून जागेवर बसवले, घुमणं सावरलं, शाईला धार दिली. मग त्या ढोलकीची हुबेहूब दुसरी प्रत काढली. एक प्रत डाव्या स्पीकरला, एक उजव्या, आणि उजवीची लाट उलटी केली. एका बटणाचं काम आहे. डावी लाट वर जाते तेव्हा उजवी खाली जाते. दोन वेगळ्या स्पीकरवर ऐकलं तर ढोलकी अशी पसरते की खोलीभर आपल्याभोवती वाजतेय असं वाटतं. पण तेच दोन आवाज एका तारेत एकत्र केले, की उलट-सुलट लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. ढोलकी पार नाहीशी होते. गाणारा राहतो, बेंजो राहतो, ढोलकी राहत नाही.

आणि आमच्याकडचा प्रत्येक डीजे डावं-उजवं एकाच तारेत बांधतो. मांडवात पन्नास पावलांवर नाचणाऱ्या माणसाला कसलं डावं आणि कसलं उजवं? सगळ्या बॉक्सांतून एकच आवाज. हे मला माहीत होतं आणि काकाला नव्हतं. जन्म बेंजो वाजवण्यात गेला त्याचा, पण बॉक्सच्या मागे तो कधी गेलाच नाही.

काकाला मी दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसवून गाणं ऐकवलं. त्यानं मांडीवर थाप मारली.

"आई शप्पत! कशी अंगावर येते गो!"

"फोनवर पाठवू का?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, कारण फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर सगळी गंमत उघडी पडली असती. पण मी माझ्या काकाला ओळखून होते. चोराच्या मनात चांदणं.

"नको नको. फोनवर गेलं की कुणीतरी ढापतं. तू पेन ड्राइव्ह दे. मी डीजेच्या हातात देतो, थेट मांडवात."

मी पेन ड्राइव्ह दिला.

हळदीच्या दिवशी सकाळी लग्नघरी कासार बसला होता. आमच्यात नवऱ्याच्या भाऊबंदांतल्या सगळ्या बायका-पोरींना बांगड्या भरतात. काकूनं मला हाताला धरून बसवलं. "माझ्या पोराला बहीण तूच," म्हणाली आणि कासाराला सांगितलं, हिला हिरव्या भर, घट्ट भर. मी हात पुढे केला. त्या घरातलं काही घ्यायची इच्छा नव्हती, पण बांगड्यांना नाही म्हणत नाहीत.

संध्याकाळी दिवे लागले, नवऱ्याला हळद लागली, मांडव भरला. एकाच रंगाचे शर्ट घातलेली आळीतली पोरं मधे उभी राहिली. बाजूला शाळेतून आणलेले लाकडी बाक बायकांसाठी मांडले होते. मी एका टोकाला बसले. काकानं माईक हातात घेतला आणि दोनदा फुंकर मारून सांगितलं की आज नवऱ्याच्या हातची ढोलकी ऐकायची, नवीन गाणं.

गाणं लागलं. बेंजो वाजला, गाणाऱ्याचा आवाज आला, आणि खाली काहीच नाही. पोरांनी पाय उचलले होते, ते तसेच अधांतरी राहिले. कुणी टाळी वाजवून ताल धरायला बघितलं, ती वेगळ्याच जागी पडली. मांडवभर माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी पदराआड तोंड घातलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या मांडवात नव्हते, आता तो नव्हता.

काका डीजेवर धावला. डीजेनं बटणं फिरवली, तारा काढून लावल्या. "फाईलीतच ढोलकी न्हाय ओ!"

"न्हाय कशी? आमी कानानं ऐकली!" काकानं माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे तर वाजते काका," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "उद्या येऊन ऐक." आणि ते खोटं नव्हतं.

डीजेला मांडव थंड पडलेला परवडत नाही. त्यानं जुनं गाणं लावलं. पहिल्याच ठोक्याला माणसं उसळली. माझा हात. माझी सोळाव्या वर्षाची बोटं. आणि मग जे झालं ते मी धरलेलंच नव्हतं. पोरांनी नवऱ्याला खांद्यावर उचललं. "हा बघा ढोलकीवाला!" त्याच्यावर आणखी हळद फेकली, शिट्ट्या मारल्या. उट्टं काढायला गेले मी, आणि माझ्याच हातानं माझी चोरी पुन्हा एकदा भर मांडवात साजरी करून बसले. हसू कुठल्या कुठे गेलं. उठून घरी जावं असं वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गाणं बंद करा! नवऱ्यालाच वाजवू दे!" आणि सगळा मांडव तेच ओरडायला लागला. पार्टीची ढोलकी मधे आणून ठेवली. नवऱ्याला खाली उतरवलं, टॉवेलनं त्याचे हात पुसले. त्याला नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यानं सुरुवात बरी केली. मग तो केसभर मागे पडला, गाठायला धावला, घसरला, थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरला. होणाऱ्या बायकोच्या घरचे पाचसहा पाहुणे खुर्च्यांवर होते, ते आधी गंमत म्हणून बघत होते, मग एकमेकांच्या कानाला लागले.

"हळदीचे हात हायत त्याचे, निसटतात," काका माईकवरून म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मागून एक पोरगा बोलला, "मग गाण्यात कोणी वाजवलीय?"

काका मांडवभर नजर फिरवत उभा राहिला. त्याच्या पार्टीतले जुने लोक तिथं होते, आळीत ढोलकी वाजवणारे आणखी चार जण होते. त्यांच्यातल्या एकाकडेही तो गेला नाही. दुखरे गुडघे ओढत सरळ माझ्या बाकाशी आला आणि वाकून म्हणाला,

"वाजव गो पोरी. आज माझी लाज राख."

म्हणजे माहीत होतं. काही विसरला नव्हता तो. स्टुडिओतले ओले डोळे, ते पोराच्या हाताचं कौतुक, सगळं त्यानं माझ्या तोंडावर ठरवून केलं होतं. मी माझ्या आयुष्यात कुणाचा इतका तिरस्कार केला नसेल जितका त्या एका क्षणात त्याचा केला.

आणि मला वाजवायचं होतं. हेही सांगायला हवं. देवाशपथ, मला वाजवायचं होतं. मांडव भरलेला, ढोलकी मधे ठेवलेली, सगळी माणसं गप्प, आणि माझे हात शिवशिवत होते. मुंबईत, नागावात, त्या काथ्याच्या खोलीत मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. उठून चार पावलं टाकली असती तर मिळालं असतं.

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "बाईमाणसानं मांडवात ढोलकीला हात लावायचा न्हाय, काका. लोक हसतील."

त्यानं डीजेला हात केला. डीजेनं जुनं गाणं पुन्हा सुरू केलं, पण आता कुणी नाचलं नाही. सगळे नुसते ऐकत होते. नवरा ढोलकीसमोर मान खाली घालून बसला होता. काका माझ्याकडे पाठ करून तिथंच उभा होता, माझ्याच बाकाचा आधार धरून.

माझे हात बाकावर होते. मी काही केलं नाही, त्यांचं ते सुरू झालं. कडवं पुढं सरकलं तसा उजवा हात उचलला गेला, ढोलकी थांबली, मांडव गप्प झाला, आणि सकाळी त्याच्याच घरात भरलेली बांगडी बाकाच्या लाकडावर आपटली. बॉक्समधून टक्, आणि त्याच्या हाताखालून टक्.

काकानं मागे वळून माझ्या मनगटाकडे बघितलं. शेजारच्या बाकावरच्या बायकाही बघत होत्या. मी हात मागे घेतला नाही.